आधी मोजा, मग खोला

जुनी गाडी सुरूच होत नसेल तर शोध सोपा असतो. ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल नाही. तासाभरात उत्तर हाती येतं. अवघड असते ती चालणारी, पण नीट न चालणारी गाडी. सकाळी ती सुरू होते, रस्त्यावर धावते, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागते. आतला आरसा हलतो, दारं खडखडतात, सिलेन्सरच्या आवाजातला एक ठोका सारखा गळतो. चढावर उचल राहत नाही. गॅरेजमध्ये म्हणतात, गाडी मिस मारते. या एका लक्षणामागे कारणं वीसही असू शकतात. त्यांतली बहुतेक अगदी स्वस्तातली असतात. एखाद-दुसरंच महाग असतं, आणि घाईत माणूस नेमका त्या महाग कारणाकडे धावतो.

आमच्याकडे बाबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनंतर ती माझ्याकडे आली. तिचं हे असं थरथरणं सुरू झालं, तेव्हा एका गॅरेजने बॉनेट उघडून, आवाज ऐकून लगेच सांगितलं की कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन उतरवून बोअर-पिस्टन करावं लागेल. सांगणाऱ्याच्या हातात ना कॉम्प्रेशन मोजायचं गेज होतं, ना साधा प्लगपाना. कॉम्प्रेशन गेलंय हे कदाचित खरंही असेल. पण किती, कुठल्या सिलिंडरचं आणि कुठून, या तीन प्रश्नांची उत्तरं नसताना इंजिन खोलणं मला पटेना. मी गाडी पुण्यातल्या नाना पेठेजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. पद्मिनीसारख्या जुन्या फियाटींवरच त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्याकडे जे शिकायला मिळालं ते फक्त एका गाडीपुरतं नाही असं मला वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कॉम्प्रेशन म्हणजे काय ते पाहू. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारने गॅसवर चालणारं इंजिन बनवलं. त्यात हवा आणि गॅस यांचं मिश्रण आत घेऊन, न दाबता, तसंच पेटवत. इंजिन चाले, पण इंधन खूप खाई आणि काम थोडं करी. १८७६ मध्ये जर्मनीतल्या डॉइट्झ इथे निकोलाउस ऑटोने चार फेऱ्यांचं इंजिन यशस्वी केलं. आत घेणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं. यातल्या दुसऱ्या पायरीने सगळा फरक पडला. मिश्रण जितकं दाबून पेटवावं तितकं त्याच थेंबभर इंधनातून अधिक काम निघतं. पद्मिनीच्या इंजिनात ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर आहेत, पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटरचा. चारांचं मिळून माप १०८९ घनसेंटिमीटर होतं. म्हणजे प्रत्येक पिस्टन सुमारे २७२ घनसेंटिमीटर जागा मोकळी करतो आणि मग त्यात आलेलं सगळं मिश्रण वरच्या चिमूटभर पोकळीत, साधारण सात-साडेसात पटीने, कोंबतो. ही कोंडी पक्की राहिली तर ठिणगीला अर्थ. कुठूनही वाट फुटली की ठिणगी उत्तम, पेट्रोल उत्तम, आणि तरी तो सिलिंडर नुसता ओझं होऊन राहतो.

वाट फुटायच्या जागा मोजक्याच आहेत. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यामधून खाली, क्रँककडे. इनलेट व्हॉल्व्हमधून मागे, कार्ब्युरेटरकडे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलेन्सरकडे. हेड आणि ब्लॉक यांच्यातलं पॅकिंग फुटलं तर शेजारच्या सिलिंडरमध्ये किंवा पाण्यात. एखादं हेड किंवा ब्लॉक तडकतं, पिस्टनलाच भोक पडतं, पण ते क्वचित. निदान करायचं म्हणजे या चार वाटांपैकी हवा कुठल्या वाटेने जाते ते शोधायचं, आणि तेही इंजिन बंदिस्त असताना.

मिस्त्रींनी गेजला हात लावायच्या आधी बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी पाहिल्या. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने काढून परत लावली. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच आणखी अडखळतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर कामच करत नसतो. आमचा तिसरा तसा निघाला. मग त्यांनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात घातला. दोष प्लगचा असता तर तो जागा बदलून गेला असता. गेला नाही. वायरीही तशाच अदलाबदल करून पाहिल्या. डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून पुसून तडा आहे का ते पाहिलं, पॉइंटची फट मोजली. इनलेट मॅनिफोल्डच्या जोडावर ऑइलकॅनने थोडं ऑइल सोडलं. जोडातून हवा ओढली जात असेल तर ऑइल तिथे खेचलं जातं आणि इंजिनची चाल क्षणभर बदलते. चाल बदलली नाही. चारी प्लग ओळीने मांडले. तीन बिस्किटाच्या रंगाचे होते. तिसरा काळा आणि ओलसर, पण ते ओलं पेट्रोल होतं, ऑइल नव्हे.

मग ते सिलेन्सरच्या तोंडाशी बसले. तोंडापाशी त्यांनी कागदाचा एक चतकोर धरला. कागद बाहेर फडफडत होता, पण मधूनमधून आत ओढला जात होता. चांगल्या इंजिनात धूर फक्त बाहेर येतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटत नसेल तर तो सिलिंडर आपल्या ओढण्याच्या फेरीत सिलेन्सरमधूनही थोडं मागे खेचतो. मी विचारलं, “म्हणजे व्हॉल्व्हच ना?”

“ताई, कागद सांगतो तिकडे बघायचं. पण कागदावर विश्वास ठेवून हेड काढायचं नाही.”

हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं. एका खुणेवरून संशय घ्यावा, निर्णय घेऊ नये. दुसऱ्या, वेगळ्या वाटेने आलेल्या खुणेने तीच गोष्ट सांगितली की मग पान्याला हात लावावा.

कॉम्प्रेशन मोजण्यातही शिस्त लागते, आणि ती मोडली तर आकडा खोटं बोलतो. इंजिन गरम हवं, कारण गरम झाल्यावरच रिंगा आणि व्हॉल्व्ह आपापल्या मापाला येतात. चारी प्लग काढलेले हवेत. कॉइलची वायर सोडवून ठेवायची, नाहीतर उघड्या भोकांतून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडते आणि आग लागू शकते. बॅटरी भरलेली हवी. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. तो मिटलेला राहिला तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही निकामी दिसतं. मग सेल्फ मारायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा झटके मोजायचे, प्रत्येक सिलिंडरला तितकेच. काटा कसा चढतो तेही पाहायचं. पहिल्या झटक्याला कमी दाखवून पुढे टप्प्याटप्प्याने वर गेला तर संशय रिंगांवर. पहिल्यापासून खालीच राहून फारसा चढलाच नाही तर व्हॉल्व्हवर.

आमचे आकडे आले दर चौरस इंचाला ११५, ११२, ६५, ११३ पाउंड.

यावर मी आधी चुकीच्या आकड्याकडे पाहत होते. ६५ वाईट हे दिसतच होतं, पण मला ११५ची चिंता वाटू लागली. नवं इंजिन यापेक्षा बरंच जास्त दाखवत असेल ना? मिस्त्री म्हणाले की हे पुणं आहे, हे लक्षात घ्या. घरी येऊन मी हिशेब केला तेव्हा त्यांचं म्हणणं अगदी बरोबर निघालं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी विरळ. पिस्टन मुळात कमी हवा उचलतो, म्हणून दाबलेली हवाही कमी भरते. मुंबईत १२५ पाउंड दाखवणारं इंजिन, त्यात काहीही झिजलेलं नसताना, पुण्यात ११७च्या आसपास दाखवेल आणि महाबळेश्वरला १०६-१०७. बॅटरीचा जोर, गेजची नळी, ऑइलचा जाडपणा यांनीही आकडा हलतो. म्हणून एकट्या आकड्याला फारशी किंमत नसते. किंमत असते ती चार आकड्यांच्या आपसांतल्या फरकाला. एकाच इंजिनात, एकाच वेळी, एकाच गेजने घेतलेले चार आकडे दहा टक्क्यांच्या आत असले तर ते इंजिन गुण्यागोविंदाने चालतं, मग चारी थोडे खाली असले तरीही.

मला या सगळ्या कामात सर्वांत खोल वाटली ती हीच गोष्ट. चारी सिलिंडर सारखेच थकलेले असले तर गाडी मंद होते, पण थरथरत नाही. तिला घाट चढायला वेळ लागतो, एवढंच. थरथर सुरू होते ती तीन दमदार आणि एक दुबळा असला की. पालखीच्या चार भोयांपैकी एकाचा पाय आखडला की उरलेल्या तिघांची ताकद कामी येत नाही, उलट तीच पालखीला हिसके देते. इंजिनातही तसंच होतं. पद्मिनीचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. स्लो चालीवर, मिनिटाला ८०० फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटात ४०० वेळा पेटतो. पहिला ढकलतो, तिसऱ्याच्या पाळीला काहीच येत नाही, मग चौथा एकदम ढकलतो. हे खिंडार दर सेकंदाला सहा-सात वेळा पडतं आणि इंजिनच्या रबरी पायांमधून अख्ख्या गाडीत उतरतं. दोष अशक्तपणाचा नसतो. तो विषमतेचा असतो. त्यामुळे उपायही सगळ्यांना सरसकट ताकद देण्याचा नसून मागे पडलेल्या एकाला इतरांच्या बरोबरीला आणण्याचा असायला हवा. बोअर-पिस्टन करून तिन्ही चांगल्या सिलिंडरांना नवं करायचं आणि खरा दोष हेडमध्ये तसाच ठेवायचा, हे आमच्या बाबतीत सहज घडलं असतं.

पुढची परीक्षा तेलाची. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवती जाऊन तिथली फट तात्पुरती बुजवतं. आकडा उसळला तर दोष रिंगा-बोअरचा. हलला नाही तर दोष वरचा, व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचा. ऑइल चमचाभरच हवं. जास्त ओतलं तर ते स्वतःच पोकळीची जागा व्यापतं आणि आकडा उगाच फुगतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असते तर त्यांच्या मधल्या पॅकिंगवर संशय गेला असता. चारी सारखेच फार खाली असून ऑइलने हलले नसते तर टायमिंग चेन पाहावी लागली असती. आमचा पहिला सिलिंडर ११५वरून १२४वर गेला, म्हणजे रिंगा थोड्या झिजल्या आहेत, वयाला शोभेल इतक्या. तिसरा ६५वरून ६८वर. तो हललाच नाही.

शेवटी हवेची परीक्षा. तिसऱ्याचा पिस्टन दाबण्याच्या फेरीत अगदी वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडली. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, कारण हवा पिस्टनला खाली ढकलू पाहते. मग फक्त कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर पॅकिंग. आमची हवा सिलेन्सरमधून जात होती, इतकी स्पष्ट की गल्लीतून जाणाऱ्यालाही ऐकू यावी. कागदाने जे सांगितलं होतं तेच गेजने, ऑइलने आणि हवेने सांगितलं.

तरीही हेड काढायच्या आधी एक स्वस्त शक्यता उरली होती. मिस्त्रींनी टॅपेट कव्हर काढून फीलर गेजने फटी तपासल्या. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फटच नव्हती. तिथे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी मोकळीक हवी. ती नसली तर रॉकर व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून ठेवतो आणि तो सीटवर पुरता टेकत नाही. कधीकधी एवढी फट नीट केली की आजार संपतो. आमचा आकडा ७५वर आला आणि तिथेच थांबला. आता मात्र हेड उतरवणं भाग होतं. फक्त हेड. इंजिन जागेवरच राहिलं.

व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेचा एक तुकडा जळून पाचरीसारखा उडालेला होता. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा माथा चालत्या इंजिनात सातशे अंशांच्या पुढे तापतो. ती उष्णता बरीचशी बाहेर पडते ती व्हॉल्व्ह मिटल्यावर, सीटला टेकलेल्या त्या क्षणभरात. फट संपली की टेकणं संपतं, टेकणं संपलं की थंड होणं संपतं, आणि पेटलेला वायू त्याच चिरेतून धडका देत कड जाळत नेतो. आणि फट कमी होताना आवाज येत नाही. उलट टॅपेटची खटखट थांबते आणि मालकाला बरं वाटतं. खटखटणारा टॅपेट त्रास देतो, मुका टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

जुन्या इंजिनांत ही फट हळूहळू संपण्याचं एक कारण आपल्या पेट्रोलच्या इतिहासात आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून इंजिनचं ठोकणं थांबवता येतं हे शोधलं. त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये बसे आणि धातूवर धातू घासू देत नसे. त्या काळातली कितीतरी इंजिनं हा थर गृहीत धरूनच बनली. शिसं माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूला घातक आहे. ते गेलं हे उत्तमच झालं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. पण मऊ सीट असलेल्या जुन्या इंजिनांत त्यानंतर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, आणि रुतला की वरची फट मिटते. अशा गाडीचे टॅपेट वेळेवर तपासणं हाच त्यावरचा सोपा उपाय आहे.

दुरुस्ती मग थोडक्यात झाली. नाना पेठेतून नवा व्हॉल्व्ह आणि हेड पॅकिंग आणलं, सीट लेथवाल्याकडे कापून घेतली, बाकीचे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. हेड उलटं ठेवून पोकळ्यांत रॉकेल भरलं आणि ते कुठून झिरपत नाही हे पाहूनच हेड परत बसवलं. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळले. नवे आकडे ११८, ११५, ११४, ११६. आरसा हलायचा थांबला. बोअरला कोणी हात लावला नाही.

बोअरला हात लावला नाही, याचं मला सर्वांत समाधान आहे. बोअर करताना ब्लॉकमधून धातू कापला जातो, आणि कापलेला धातू परत येत नाही. एका ब्लॉकचं असं मोजक्याच वेळा करता येतं. हेड प्रत्येक वेळी घासलं की थोडं पातळ होतं. जुने स्टड काढताना तुटतात, प्लगचे आटे झिजतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकापासून फियाट गाड्या बनत होत्या, आणि १९७४ पासून त्या पद्मिनी या नावाने विकल्या जाऊ लागल्या. आता त्या कारखान्याच्या जागेवर इमारतींची वसाहत उभी आहे. नवा ब्लॉक तिथून कधीच येणार नाही. अशा गाडीचं इंजिन विनाकारण खोलणं म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्यातला एक तुकडा फुकट घालवणं. नीट निदान करणं हा या यंत्रांच्या जतनाचा पहिला भाग आहे.

दुसरी काळजी माणसांची आहे. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. या टॅक्सींनी मिस्त्रींच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या. कागदाचा चतकोर सिलेन्सरपाशी कसा धरायचा, फुसफुस कुठून येते हे कानाने कसं ओळखायचं, हे ज्ञान रोजच्या कामातून टिकत होतं. ते काम थांबलं आहे, आणि ही विद्या कुणी कागदावर फारशी उतरवलेली नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. एक कॉम्प्रेशन गेज विकत घ्या. ते फार महाग नसतं. गाडी चांगली चालत असतानाच चारी सिलिंडर मोजा आणि आकडे वहीत लिहा. तारीख लिहा, गाव लिहा, इंजिन गरम होतं की थंड ते लिहा, टॅपेटच्या फटी लिहा. दर वर्षी तसंच करा. कोणी इंजिन खोलायला सांगितलं तर कुठल्या सिलिंडरसाठी आणि कशावरून, हे विचारा, आणि उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत पाना लावू देऊ नका. आणि गाडी पुढच्या माणसाच्या हाती द्याल तेव्हा किल्लीबरोबर ती वहीही द्या.